'भाचीचे लग्न' ते 'काळा पाऊस': अणुबॉम्बोत्तर जपानी कथासाहित्यातील तरुणींचे वयात येणे

प्रास्ताविक

इबुसे मासुजी (१८९८–१९९३) यांची 'कुरोई आमे' म्हणजेच 'काळा पाऊस' ही कादंबरी 'शिंचो' या जपानी मासिकातून जानेवारी १९६५ ते सप्टेंबर १९६६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. हिरोशिमाविषयीची सर्वश्रेष्ठ साहित्यकृती म्हणून तिचा उल्लेख केला जातो. १९६६ मध्ये तिला नोमा पुरस्कार मिळाला, जॉन बेस्टर यांच्या अनुवादामुळे ती इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली आणि १९८९ मध्ये शोहेई इमामुरा यांनी तिच्यावर चित्रपट केला. या सर्व प्रवासात एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. पहिले काही महिने ही कादंबरी वेगळ्याच नावाने छापली जात होती. ते नाव होते 'भाचीचे लग्न'. लेखन पुढे सरकले तसे नाव बदलले. लग्न मागे पडले आणि पाऊस पुढे आला.

हा बदल केवळ शीर्षकाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. एका तरुण मुलीच्या भवितव्याच्या चिंतेतून सुरू झालेली कृती एका शहराच्या संहाराची कहाणी झाली आणि या स्थित्यंतरात ती मुलगी कोठे गेली, हा प्रश्न समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. युद्धोत्तर काळात तरुण होणाऱ्या मुलींचे साहित्यातील चित्रण तपासताना म्हणूनच येथे दोन लेखक समोर ठेवले आहेत. एक इबुसे. दुसऱ्या हायाशी क्योको (१९३०–२०१७), ज्या चौदाव्या वर्षी नागासाकीत बॉम्बच्या माऱ्यातून वाचल्या आणि पुढे आयुष्यभर त्याविषयी लिहीत राहिल्या. दोघांचेही लेखन मी इंग्रजी अनुवादांतून वाचले आहे. त्यामुळे शैलीच्या सूक्ष्म अंगांविषयी येथे विधाने केलेली नाहीत. जे म्हटले आहे ते रचना, निवेदन आणि आशय यांच्यापुरते आहे.

मराठीत मुलीच्या वयात येण्यासाठी जो प्रतिष्ठित शब्द आहे तो 'उपवर'. मुलगी मोठी झाली, हे सांगण्यासाठी भाषेला न दिसणाऱ्या वराची सोबत लागते. पाश्चात्त्य समीक्षेतील 'बिल्डुंग्सरोमान' ही संज्ञा आपण 'घडणीची कादंबरी' म्हणून स्वीकारली खरी, परंतु त्या प्रकारातील नायक घर सोडतो, चुकतो, शिकतो आणि परत येतो. 'काळा पाऊस'मधील यासुकोला यांपैकी काहीच करता येत नाही. ती उपवर आहे, एवढीच तिच्या कथेची सुरुवात आहे.

दाखल्यासाठी उतरवलेली रोजनिशी

हिरोशिमापासून दूर असलेल्या कोबाताके या खेड्यात शिगेमात्सु, त्याची पत्नी शिगेको आणि भाची यासुको राहतात. युद्ध संपून साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. यासुकोचे लग्न जमत नाही, कारण गावात कुजबूज आहे: बॉम्ब पडला तेव्हा ती शहरात एका शाळेच्या सेवापथकाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिला किरणोत्सर्गाचा आजार आहे. ही कुजबूज खोटी आहे. त्या सकाळी ती शहराबाहेर, स्फोटकेंद्रापासून दहा किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर होती. येणारे प्रत्येक स्थळ चौकशीपाशी येऊन थांबते. स्वतः शिगेमात्सु मात्र सौम्य किरणोत्सर्गविकाराने आजारी आहे. त्यामुळे मुलीचा पालक म्हणून तो स्वतःला दुहेरी अपराधी समजतो. तिला हिरोशिमाला नेणाराही तोच आणि आता आपल्या आजाराची सावली तिच्यावर पाडणाराही तोच.

एक चांगले स्थळ येते. शिगेमात्सु यासुकोची वैद्यकीय तपासणी करवून घेतो आणि निरोगी असल्याचा दाखला मध्यस्थ बाईंकडे पाठवतो. येथेच इबुसेंची तीक्ष्ण दृष्टी दिसून येते. ज्या मुलीविषयी शंका नाही तिचा दाखला कोण कशाला पाठवील? न मागता दिलेल्या पुराव्यामुळे संशय वाढतो आणि मध्यस्थ बाई यासुकोच्या हिरोशिमातील हालचालींची अधिक खोलवर चौकशी करू लागतात. ज्यांनी आपल्या घरांत विवाहाची बोलणी ऐकली आहेत, अशा मराठी वाचकास हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. मुलीच्या बाजूने जास्त बोलणे हे नेहमीच काहीतरी झाकण्याचे लक्षण मानले जाते.

दाखला अपुरा ठरतो तेव्हा शिगेमात्सु यासुकोची ऑगस्ट १९४५ मधील रोजनिशी उतरवून काढायला घेतो. ती त्या दिवशी कोठे होती हे तिच्याच शब्दांत मध्यस्थापुढे ठेवावे, हा हेतू. परंतु रोजनिशीत एक नोंद आहे. शहराच्या दिशेने परतताना तिच्या अंगावर काळ्या पावसाचे थेंब पडले, कपड्यांवर आणि कातडीवर डाग उमटले आणि ते धुऊनही निघाले नाहीत. लिहिताना तिला या पावसाचा अर्थ ठाऊक नव्हता. १९५० मध्ये तो साऱ्यांना ठाऊक झालेला आहे. पत्नी सुचवते, एवढा भाग गाळून टाकावा. शिगेमात्सु घोटाळतो. त्यांनी मूळ वही मागितली तर?

कादंबरीचा सारा नैतिक पेच या छोट्याशा गृहकलहात सामावलेला आहे, असे मला वाटते. मुलीच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून जो मजकूर निवडला, त्याच मजकुरात तिच्याविरुद्धची साक्ष आहे. तिने प्रामाणिकपणे लिहिले, हाच तिचा दोष. आणि ते वाक्य ठेवावे की गाळावे, याचा निर्णय ती सोडून दोघे जण करीत आहेत.

पुढे जे घडते ते रचनेच्या दृष्टीने विलक्षण आहे. यासुकोची रोजनिशी लवकरच संपते. तिला पुरवणी म्हणून शिगेमात्सु आपली स्वतःची 'बॉम्बहल्ल्याची रोजनिशी' उतरवू लागतो आणि कादंबरीचा फार मोठा भाग ती व्यापून टाकते. प्रत गावच्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवावयाची असल्याने, साधी शाई काळाने फिकी पडते म्हणून, तो ती कुंचल्याने लिहितो. शिगेको युद्धकाळातील हिरोशिमाच्या आहाराविषयी टिपण करते. यासुकोच्या शरीरावर खरोखरच लक्षणे दिसू लागतात तेव्हा मामी तिच्या आजाराची नोंदवही ठेवते, ती डॉक्टरांना दाखवली जाते आणि धीर देण्यासाठी इवाताके या वैद्याची, मरणाच्या दारातून परतल्याची हकिगत जोडली जाते. घरातील प्रत्येकाच्या हाती लेखणी आहे. ज्या मुलीसाठी हे लेखन सुरू झाले तिची लेखणी मात्र पहिल्या काही प्रकरणांतच थांबली आहे. तिने आपला आजार संकोचाने लपवला आणि म्हणून उपचारास उशीर झाला, हेसुद्धा आपल्याला इतरांकडून कळते.

येथे एक आक्षेप संभवतो. १९५० च्या जपानी खेड्यातील अविवाहित मुलगी बोलली नाही, तर तो लेखकाचा दोष कसा? इबुसेंनी वास्तवच दाखवले. शिवाय कादंबरीची सामग्रीही एका पुरुषाच्या रोजनिशीतून आलेली आहे. शिगेमात्सु शिझुमा या प्रत्यक्ष गृहस्थांनी आपली टिपणे इबुसेंना दिली होती. कादंबरीत इबुसेंनी त्यांच्याच नावातील आडनाव आणि नाव यांची अदलाबदल करून नायकाचे नाव घडवले. ती मूळ रोजनिशी २००१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्धही झाली आहे. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. पालकांच्या प्रेमळ लेखनात मुलीचा आवाज कसा बुडतो, हे इबुसेंनी दाखवले, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. दाखला, प्रत, पुरवणी, नोंदवही ही उतरंड अजाणता रचलेली नाही. तथापि काही ठिकाणी कादंबरी स्वतःच शिगेमात्सुच्या बाजूला जाऊन बसते. तळ्यात कार्प मासे वाढवणाऱ्या तीन आजारी पुरुषांना कोणी बाई टोमणा मारते, "काम नाही म्हणून गळ टाकून बसलात," अशा आशयाचा. त्या टोमण्याचा सल, त्यावरचे उत्तर, त्यातून सुचलेला मत्स्यबीजाचा उद्योग, हे सारे इबुसे किती मायेने रंगवतात! आजारी पुरुषाच्या अप्रतिष्ठेला कादंबरीत विनोद, राग आणि मार्ग हे तिन्ही मिळतात. आजारी मुलीच्या वाट्याला केवळ शेवटचे इंद्रधनुष्य येते. १५ ऑगस्टची नोंद उतरवून संपल्यावर शिगेमात्सु डोंगराकडे पाहून मनाशी म्हणतो की रंगीत इंद्रधनुष्य उमटले तर यासुको बरी होईल, आणि तसे होणार नाही हे त्याला माहीत असते. त्याच्या वहीत युद्ध संपले आहे. तिचे युद्ध मात्र आता सुरू होते.

इमामुरांनी ही उणीव ओळखली होती, असे चित्रपट पाहताना जाणवते. कृष्णधवल चित्रीकरणातील यासुको (योशिको तानाका) अधिक काळ पडद्यावर राहते आणि तिला युइची हा सोबती मिळतो. वाहनाचा आवाज ऐकताच रणगाडा समजून त्यावर झेप घेणारा, एरवी दगडात मूर्ती कोरणारा हा माजी सैनिक इबुसेंच्याच दुसऱ्या एका कथेवरून घेतलेला आहे. बाजारातून बाद झालेली दोन माणसे तेथे एकमेकांशी सहज बोलू शकतात. चित्रपटाने मूळ कृतीवर केलेले हे सर्वांत चांगले भाष्य होय.

विज्ञान, अफवा आणि एक न्यायनिर्णय

यासुकोच्या गावाची भीती निव्वळ अडाणीपणाची होती, असे म्हणता येत नाही. अमेरिकेने स्थापन केलेल्या 'अॅटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन'ने १९४७ पासून हिरोशिमात तपासणीचे काम सुरू केले. ही संस्था तपासणी करीत असे, उपचार करीत नसे. गरोदर स्त्रियांना पाचव्या महिन्यानंतर जादा शिधा मिळे. त्या शिध्याच्या नोंदणीचा आधार घेऊन १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७,००० बाळंतपणांचा अभ्यास करण्यात आला. जन्मजात व्यंगांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ आढळली नाही, असा निष्कर्ष नील आणि शल यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील पिढीवर आनुवंशिक परिणाम झाल्याचे त्यानंतरच्या अभ्यासांतूनही सिद्ध झालेले नाही. परंतु स्थळे सांगणाऱ्या मध्यस्थांपर्यंत संशोधन पोहोचत नाही, पोहोचते ती कुजबूज. १९५५ मध्ये हिरोशिमातील भाजलेल्या २५ तरुणींना न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात शस्त्रक्रियांसाठी नेण्यात आले. जगाने त्यांना 'हिरोशिमाच्या कुमारिका' म्हटले. सहानुभूतीने दिलेल्या या नावातही त्यांची ओळख अविवाहितपणाचीच राहिली, हे लक्षणीय आहे.

या संदर्भात अलीकडची एक घटना कादंबरीला अनपेक्षित दिशेने उजळून टाकते. शासनाने आखलेल्या क्षेत्राबाहेर ज्यांच्यावर काळा पाऊस पडला, अशा ८४ वादींना बॉम्बग्रस्त म्हणून मान्यता देण्याचा निर्णय हिरोशिमा उच्च न्यायालयाने १४ जुलै २०२१ रोजी दिला. शासनाने पुढे अपील केले नाही आणि एप्रिल २०२२ पासून मान्यतेचे नवे निकष लागू झाले. वादी त्या वेळी लहान होते, निकालाच्या वेळी वृद्ध. त्यांना सिद्ध करायचे होते ते एवढेच की त्या दिवशी आपण त्या पावसात होतो. म्हणजे शिगेकोला जी ओळ गाळावीशी वाटली, नेमकी तीच ओळ ७० हून अधिक वर्षांनी वैद्यकीय साहाय्याचा आधार ठरली. किती घरांतील मुलींच्या वह्यांतून ती कायमची गाळली गेली असेल, याचा हिशेब कोणत्याही न्यायालयाला लावता येणार नाही.

हायाशी क्योको: डबा आणि काच

इबुसे ज्या मुलीच्या वतीने लिहितात, तिच्यापेक्षा काही वर्षांनी लहान असलेली हायाशी क्योको स्वतः लिहिते. दोघांतील सर्वांत मोठा फरक हाच. हायाशींचे बालपण शांघायमध्ये गेले. १९४५ च्या प्रारंभी कुटुंब जपानला परतले. नागासाकीच्या मुलींच्या शाळेतून त्यांना मित्सुबिशीच्या शस्त्रास्त्र कारखान्यात कामास जुंपण्यात आले. ९ ऑगस्टला त्या स्फोटकेंद्रापासून सुमारे १.४ किलोमीटरवर होत्या. या अनुभवावरील 'मात्सुरी नो बा' ही कथा मात्र १९७५ मध्ये आली आणि तिला अकुतागावा पुरस्कार मिळाला. मधली ३० वर्षे केवळ मौनाची नव्हती. त्या काळात विवाह झाला, १९५३ मध्ये मुलगा झाला, १९७४ मध्ये घटस्फोट झाला. यासुकोच्या कथेत जे साध्य मानले आहे ते विवाहाचे दार हायाशी ओलांडून गेल्या. दारापलीकडे काय होते, हे त्यांच्या लेखनात वारंवार येते: गर्भारपणाची धास्ती, मुलाच्या प्रत्येक दुखण्यात स्वतःचा भूतकाळ शोधणारी नजर, आपण त्याला काय दिले ही शंका. संशोधकांचा अहवाल काहीही सांगो, आई आकडेवारीवर झोपत नाही.

त्यांच्या 'गियामान बिइदोरो' (१९७८) या बारा कथांच्या मालिकेतील 'आकिकान', म्हणजे 'रिकामा डबा', ही कथा येथे विशेष महत्त्वाची आहे. ओए केन्झाबुरो यांनी संपादित केलेल्या अणुबॉम्बविषयक कथासंग्रहाच्या इंग्रजी आवृत्तीत ती समाविष्ट आहे. ३० वर्षांनंतर काही वर्गमैत्रिणी पाडल्या जाणाऱ्या आपल्या जुन्या शाळेत जमतात. आता त्या चाळिशी ओलांडलेल्या बायका आहेत. कोणाचे लग्न झाले, कोणाचे नाही. जिला यायला जमलेले नाही ती किनुको पाठीत रुतून राहिलेल्या काचा काढून घेण्यासाठी रुग्णालयात दाखल होणार आहे. बोलता बोलता आठवण निघते. युद्धानंतर शाळा सुरू झाली तेव्हा एक मुलगी रोज एक डबा घेऊन येत असे. सुलेखनाच्या तासाला बाई विचारतात, बाकावर हे काय ठेवले आहेस? त्यात तिच्या आईवडिलांच्या अस्थी असतात. ती मुलगी म्हणजे किनुको, हे निवेदिकेच्या ध्यानात येते.

कथेत याहून अधिक काही घडत नाही. परंतु वयात येण्याची कल्पना तिने मुळापासून बदलली आहे, असे म्हणावे लागेल. या मुलींची घडण घराबाहेर पडण्यातून झाली नाही. शाळेच्या दप्तरासोबत आईवडील वागवण्यातून ती झाली. त्यांच्या वयाची मोजणी लग्नाने होत नाही, शरीरात शिल्लक असलेल्या काचेने होते. काच ३० वर्षे आत राहते, अंग तिला वेढून घेते आणि कधीतरी ती पुन्हा दुखू लागते. तारुण्य संपले असे म्हणावे तर चौदाव्या वर्षाचा तुकडा अजून पाठीत आहे. आणखी एक गोष्ट हायाशींनी हेरली आहे, जी बाहेरच्या लेखकाला क्वचितच दिसली असती. या मैत्रिणींत निशिदा नावाची एक आहे. ती बॉम्बनंतर या शाळेत दाखल झाली. ती वाचलेली नाही, कारण ती तेथे नव्हतीच. इतर चौघींच्या आठवणींच्या वर्तुळाबाहेर तिला उभे राहावे लागते आणि तिचा हा अवघडलेपणा हायाशी कोणताही निवाडा न देता नोंदवतात. इबुसेंच्या कादंबरीत निरोगी आणि रोगी अशी रेषा गाव आखते. येथे ती रेषा मैत्रीच्या आत आहे, आणि बाहेर राहिलेली स्त्री निरोगी आहे.

हायाशींच्या लेखनात वाक्ये तुटक, काळ मागेपुढे सरकणारा, नोंदी अहवालासारख्या कोरड्या असतात. काही वाचकांना हा रूक्षपणा खटकतो. मलाही 'मात्सुरी नो बा'च्या पहिल्या वाचनात तो खटकला होता. पुन्हा वाचताना वाटले की जिच्याविषयी इतरांनी इतके हळवे लिहिले, तिने स्वतः लिहिताना हळवेपण नाकारणे स्वाभाविक आहे. 'गियामान बिइदोरो'ला शासनाचा कलापुरस्कार देऊ केला असता, बॉम्बग्रस्त म्हणून राष्ट्राकडून तो स्वीकारता येत नाही, या भूमिकेने त्यांनी तो नाकारला. दाखला मागणे नाही आणि दिलेला घेणेही नाही.

त्यांच्या उत्तरायुष्यातील एका लेखनाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्या अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या ट्रिनिटी या स्थळी गेल्या. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबॉम्बची चाचणी तेथे झाली होती. या प्रवासाचे कथन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आपण आणि आपल्या वर्गमैत्रिणी हेच या अस्त्राचे पहिले बळी, असे त्या तोवर मानत आल्या होत्या. त्या ओसाड वाळवंटात उभ्या असताना त्यांना उमगले की त्यांच्याही आधी ही जमीन, तिच्यावरचे कीटक आणि गवत होरपळले होते आणि त्यांना ओरडताही आले नव्हते. ९ ऑगस्टला जळत्या शहरातून धावत सुटलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी आले नव्हते. ते ट्रिनिटीच्या कुंपणाआत आले.